बोरिवलीची सकाळ, मुलुंडची संध्याकाळ

दुपारचे बारा वाजले की सूर्य डोक्यावर येतो, असं आपण सगळेच म्हणतो. मुंबईत हे वर्षातल्या एकाही दिवशी खरं नसतं. सूर्य इथे दिवसातली सर्वाधिक उंची गाठतो ती नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२ वाजून २२ मिनिटांच्या सुमारास, फेब्रुवारीच्या मध्याला १२ वाजून ५३ मिनिटांच्या सुमारास, आणि बाकीचे सगळे दिवस या दोन वेळांच्या मध्ये केव्हातरी. बाराला कधीच नाही. शिवाय त्या घटकेलाही तो बरोबर माथ्यावर असतो असं नाही. तो मान वर्षातल्या दोनच दिवसांना आहे, एक मेच्या मध्यावर आणि दुसरा जुलैच्या अखेरीला. त्यातला दुसरा बहुतेक वेळा ढगांत जातो.

यावर कोणी म्हणेल, असेल बुवा, आपल्याला काय फरक पडतो? खरंच काही पडत नाही. ज्याला आठ-बावीसची स्लो पकडायची आहे त्याचं सूर्यावाचून काही अडत नाही. पण हाच माणूस लोकल दोन मिनिटं उशिरा आली तर इंडिकेटरकडे पाहून कपाळाला आठ्या घालतो, आणि सूर्य रोज अर्धा-पाऊण तास उशिरा येतो हे त्याच्या गावीही नसतं. मिनिटामिनिटाचा हिशेब ठेवणारं हे उपनगर आकाशाच्या बाबतीत एवढं बेहिशेबी कसं, हा प्रश्न या पुस्तकाच्या मुळाशी आहे.

विज्ञानाच्या मराठी पुस्तकांना प्रस्तावना लिहिताना कुतूहलाचं माहात्म्य सांगण्याची रीत आहे. मुलं 'का?' विचारतात, मोठी माणसं विचारत नाहीत, वगैरे. माझं मत थोडं वेगळं आहे. 'का?' विचारणारे आपल्याकडे कमी नाहीत, आणि त्याला तोंडपाठ उत्तर देणारे तर मुबलक आहेत. कमतरता आहे ती 'किती?' विचारणाऱ्यांची. पृथ्वीपासून सूर्य सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर आहे हे सहावीतला मुलगा धडाधड सांगतो. मात्र त्याच्या स्वतःच्या इमारतीतून जूनमध्ये सूर्य कुठे उगवतो आणि डिसेंबरमध्ये कुठे, हे बोट करून दाखव म्हटलं की गडबडतो. या अक्षांशावर उगवतीची जागा नेमक्या पूर्वेच्या दोन्ही बाजूंना सुमारे २५ अंश सरकते, म्हणजे वर्षभरात एकूण ५० अंश. हाताची मूठ पुढे लांब धरली तर ती साधारण १० अंश झाकते. तेव्हा पाच मुठी. फ्लॅट घेताना 'पूर्व-पश्चिम आहे ना?' असं विचारून लाखभर रुपये जास्त मोजणाऱ्या घरात एवढं तरी ठाऊक असावं.

आधी घड्याळाचं पाहू, कारण मुंबईचं आणि घड्याळाचं भांडण जुनं आहे. भारतीय प्रमाणवेळ ठरते ती ८२.५ अंश पूर्व रेखांशावर, मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेषेवर. मुंबई साधारण ७२.८५ अंशांवर. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. फरक साडेनऊ अंशांहून थोडा जास्त, म्हणून सुमारे ३९ मिनिटं. ही प्रमाणवेळ १९०६ साली लागू झाली तेव्हा मुंबईकरांनी ती मुकाट्याने स्वीकारली नाही. सरकारने आमची ३९ मिनिटं पळवली, अशी तक्रार झाली, निषेध झाले, आणि जुनी 'मुंबई वेळ' शहरात काही ठिकाणी १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तग धरून राहिली. तोवर भेटीची वेळ ठरवताना 'कुठल्या टायमाने?' असं विचारावं लागे. आज ते भांडण मिटलंय, पण ३९ मिनिटं कुठे गेलेली नाहीत. सकाळच्या सत्राच्या शाळेत जाणारी मुलं जानेवारीत सातच्या आधी अंधारात जिना उतरतात, ती त्याच ३९ मिनिटांमुळे.

जानेवारीच्या या अंधाराची गोष्ट थोडी रेंगाळून सांगण्यासारखी आहे. सगळ्यांत लहान दिवस २१ किंवा २२ डिसेंबरचा. मुंबईत तो साधारण ११ तासांचा असतो. मग त्यानंतर सकाळ लवकर व्हायला हवी. होत नाही. सूर्योदय आणखी तीन-चार आठवडे उशिराच होत जातो आणि जानेवारीच्या मध्याला सव्वासातपर्यंत पोचतो. उलट संध्याकाळ मात्र नोव्हेंबरच्या उत्तरार्धातच सर्वांत लवकर झालेली असते, सहाच्या सुमारास, आणि तिथून ती लांबायला लागते. दिवस वाढतो तो संध्याकाळच्या टोकाने, सकाळच्या नव्हे. कारण दोन आहेत. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे, जानेवारीच्या सुरुवातीला आपण सूर्याच्या सर्वांत जवळ असतो आणि त्यामुळे कक्षेत सर्वांत वेगाने पळत असतो. शिवाय पृथ्वीचा अक्ष कललेला आहे. दोन्ही मिळून सूर्याची दुपारच रोज अर्ध्या मिनिटाने पुढे ढकलली जाते, आणि सकाळ तिच्यामागे फरफटते.

मकर संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने मोठा होतो, असं आपल्या आज्या सांगत आल्या. त्यावर विज्ञानवादी मंडळी लगेच दुरुस्ती करतात की उत्तरायण २२ डिसेंबरलाच सुरू झालं, संक्रांत पृथ्वीच्या परांचन गतीमुळे मागे पडत गेली, सुमारे ७० वर्षांत एक दिवस या गतीने. दुरुस्ती बरोबर आहे, तिच्याशी वाद नाही. पण पहाटे उठून चूल पेटवणाऱ्या, सडा घालणाऱ्या बाईच्या बाजूने पाहा. तिला दिसणारी सकाळ मुंबईच्या अक्षांशावर खरोखरच संक्रांतीच्या सुमाराला लवकर व्हायला लागते. आजीचं चुकलं असं म्हणण्याआधी ती दिवसाचं कुठलं टोक मोजत होती ते विचारायला हवं.

पुस्तकाच्या नावाविषयी. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर बोरिवलीच्या पूर्वेला आहे आणि मुलुंडच्या पश्चिमेला. त्याचा सर्वांत उंच माथा साडेचारशे मीटरहून थोडा जास्त. एकच डोंगर, पण बोरिवलीत तो सूर्योदय अडवतो आणि मुलुंडमध्ये सूर्यास्त. दोन्ही ठिकाणांत सरळ रेषेने बारा किलोमीटरच्या आसपास अंतर आहे. रेखांशाचा फरक एक दशांश अंश, म्हणजे निव्वळ भूगोलाने मुलुंडला सूर्य २४ सेकंद आधी उगवतो. हे झालं पंचांगातलं गणित, सपाट क्षितिज धरून केलेलं. आता खिडकीतलं गणित करा. बोरिवली पूर्वेला तुमच्या गॅलरीतून डोंगराची कड तीन बोटं उंच दिसत असेल, तर ती साधारण ५ अंश झाली. मुंबईत सूर्य तासाला १४ अंशांच्या आसपास चढतो, म्हणून तुमच्याकडे ऊन वीस मिनिटं उशिरा येणार. तेवढीच वीस मिनिटं मुलुंड पश्चिमेतल्या माणसाची संध्याकाळ आधी होणार. चोवीस सेकंदांचा फरक पंचांगकर्त्याला कळतो. वीस मिनिटांचा फरक ज्याने त्याने आपल्या खिडकीतून काढायचा आहे, तो छापून मिळत नाही.

हेच संकष्टीच्या चंद्रोदयाचं. १९७३ पासून कालनिर्णय घराघरांत भिंतीवर आहे, आणि त्यावर चंद्रोदयाची वेळ पाहणं हे मराठी घरांतलं बहुधा सर्वाधिक नियमाने होणारं खगोलशास्त्र. त्यात नागपूरची वेळ मुंबईच्या साधारण २५ मिनिटं आधीची असते हे पुष्कळांनी पाहिलेलं असतं. सहा अंशांहून थोडा जास्त रेखांश, गुणिले चार मिनिटं. ही वेळही सपाट क्षितिजाची. समोर शंभर मीटरवर साठ मीटर उंच, म्हणजे वीसेक मजली टॉवर उभा असेल, तर तुमच्या तळमजल्यावरून त्याचा माथा ३१ अंशांवर जातो आणि चंद्र त्याच्यावरून डोकवायला दोन तासांच्या वर लागतात. घाटकोपर-मुलुंडच्या कितीतरी उपवास करणाऱ्या बायका रिडेव्हलपमेंटनंतर गच्चीवर जाऊन अर्घ्य देऊ लागल्या आहेत. बिल्डरने उपवास किती वाढवला याचं उत्तर नववीच्या त्रिकोणमितीत आहे.

उपनगरात तारे कुठे दिसतात, ही नेहमीची सबब. नाही दिसत, हे खरं. आकाशगंगा पाहायची तर वांगणीच्या पुढेच जावं लागतं; खगोल मंडळासारख्या संस्था इतकी वर्षं मुंबईच्या माणसांना रात्रभर तिथे नेत आल्या, त्या उगाच नाही. पण ज्या गोष्टी अंधाराविना दिसतात त्यांची यादी आपण समजतो त्याहून मोठी आहे. फेब्रुवारीच्या मध्याला रात्री नऊ-साडेनऊला दक्षिणेकडे पाहा. वर व्याध, आणि खाली क्षितिजापासून दोन मुठींहून थोडा कमी उंचीवर अगस्ती. आकाशातला हा दुसऱ्या क्रमांकाचा तेजस्वी तारा अंधेरीच्या दिव्यांना दबत नाही. लंडनमधल्या मराठी माणसाला तो जन्मभर दिसायचा नाही, तिथे तो क्षितिजाच्या वर येतच नाही. व्याधाचा जो प्रकाश आज डोळ्यांत शिरतो तो साडेआठ वर्षांपूर्वी निघालेला, तिसरीतल्या मुलाच्या वयाचा. अगस्तीचा सुमारे तीनशे वर्षांपूर्वीचा, पेशवाईच्या आरंभीचा. उत्तरेला ध्रुवतारा १९ अंशांवर, कारण मुंबईचा अक्षांश १९ अंश. ध्रुवाची उंची मोजली की आपण पृथ्वीवर कुठे आहोत ते कळतं. तो फार तेजस्वी नाही आणि उत्तरेला नेमकी इमारत असण्याचा संभव मोठा, एवढी अडचण मात्र खरी आहे.

समुद्राकडे वळलं की 'किती?' विचारणाऱ्यांचा एक जुना समाज भेटतो. वर्सोवा, मढ, मनोरी, गोराईचे कोळी. कोकणपट्टीत भरतीची वेळ काढण्याचा एक ठोकताळा आहे, तिथीला पाऊणने गुणायचं. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार. पावणेचारला भरती, पहाटेही आणि दुपारीही. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. जुन्या शाळांत पाऊणकी पाठ करून घेत, तिचा असा उपयोग होता. हे जमतं कसं? चंद्र सूर्याच्या संदर्भात एका तिथीत १२ अंश पुढे सरकतो, आणि १२ गुणिले ४ म्हणजे ४८ मिनिटं. पाऊण तास म्हणजे ४५. तीन मिनिटांची तफावत सोडून दिली की होडी हाकणाऱ्याला पुरेल असं सूत्र तयार. समुद्राचा उथळपणा, किनाऱ्याचा आकार आणि चंद्राचा कमी-जास्त वेग यांमुळे अर्ध्या-एक तासाची चूक धरून चालायचं, पण हातात छापील कोष्टक नसताना हे पुष्कळ झालं. उधाण आणि भांग यांतला फरकही तिथीवरूनच. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात तेव्हा उधाण; अष्टमीच्या आसपास काटकोनात ओढतात तेव्हा भांग. आणि मुंबईची भरती मोठी वाटत असेल तर खंबातचं आखात पाहावं. निमुळत्या होत गेलेल्या त्या आखातात पाणी कोंडून चढतं, आणि भरती-ओहोटीतला फरक मुंबईच्या दुपटीच्या आसपास जातो.

महापालिका पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे दिवस आधी जाहीर करते. ही बातमी आपण वाचतो ती मुख्यतः लोकल चालू राहतील का या काळजीने, आणि ते योग्यच आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. तिथून वीस-बावीस किलोमीटरवरच्या कुलाब्याला त्याच काळात पाऊणशे मिलिमीटरच्या आसपास. ब्रिटिशांच्या काळातली पर्जन्यवाहिन्यांची व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पावसासाठी, तीही ओहोटी असताना, अशी आखलेली होती. त्या दुपारी भरती होती. मिठी नदीचं पाणी कुठे जाणार?

पण 'मिलिमीटर' या शब्दाने आपल्या डोळ्यांसमोर काही उभं राहत नाही, आणि माझा सगळा आग्रह इथेच आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एवढं एक वाक्य लक्षात ठेवलं तर पावसाची प्रत्येक बातमी वेगळी वाचता येते. एका चौरस किलोमीटरवर १०० मिलिमीटर पडला म्हणजे १० कोटी लिटर पडले; दहा हजार लिटरच्या टँकरने उपसायचं तर दहा हजार टँकर. अंधेरी सबवे दरवर्षी का भरतो यावर चर्चा करण्याआधी तो ज्या भागाच्या तळाशी आहे त्याचं क्षेत्रफळ पाहावं. आता हेच गणित आपल्या सोसायटीला लावा. गच्ची ३०० चौरस मीटरची असेल, आणि उपनगरात पावसाळ्यात दोन मीटरच्या वर पाऊस पडतोच, तर गच्चीवर सहा लाख लिटर पाणी येतं. माणशी रोज १३५ लिटर हे प्रमाण धरलं तर चौघांच्या घराला रोज ५४० लिटर, आणि तीस घरांच्या सोसायटीला सोळा हजारांच्या थोडं वर. गच्चीवरचं सगळं पाणी साठवलं तरी ते सव्वा महिना पुरेल. कमी की जास्त, हे ज्याने त्याने ठरवावं. वार्षिक सभेत मात्र 'पर्जन्यजल संधारणाने पाण्याचा प्रश्न कायमचा सुटेल' असं म्हणणाराही चूक आणि 'त्याने काहीच होत नाही' म्हणणाराही चूक, हे या आकड्यावरून दिसतं.

उन्हाळ्याचं थोडक्यात. मार्चमध्ये एखाद्या दिवशी सांताक्रूझचा पारा अचानक ३८ च्या पुढे जातो. सूर्य त्या दिवशी जास्त तापलेला नसतो. खारे वारे उशिरा आलेले असतात. पूर्वेकडून जमिनीवरचे कोरडे वारे जोरात असले की समुद्रावरची थंड हवा दुपारपर्यंत आत शिरू शकत नाही. वर्सोव्याला ती आधी पोचते. मुलुंड डोंगराच्या पलीकडे, त्यामुळे तिथे ती उशिरा आणि थकून येते.

डोंगराची गोष्ट निघाली की अंधेरी पश्चिमेचा गिल्बर्ट हिल टाळता येत नाही. काळ्या बेसाल्टचा हा ६१ मीटर उंच, उभ्या भेगांचा खांब सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, ज्या लाव्ह्याने अवघं दख्खनचं पठार घडवलं त्याच काळातला. लाव्हा थंड होताना आकुंचन पावतो, ताण समान वाटला जावा म्हणून बहुकोनी भेगा पडतात आणि त्या खोलवर उतरत जातात. त्यातून असे स्तंभ तयार होतात. अमेरिकेत वायोमिंगमध्ये असाच 'डेव्हिल्स टॉवर' आहे, तो पाहायला जगभरचे लोक जातात. आपल्याकडे गिल्बर्ट हिलच्या पायथ्याशी झोपड्या आणि टॉवर अशा खेटून आहेत की रिक्षावाल्याला 'गावदेवीचं मंदिर' असं सांगितल्याशिवाय तो पोचवत नाही. २००७ साली महापालिकेने त्याला वारसा दर्जा दिला. वर गेलं की दगडाच्या कडेला हात लावून पाहावं. डायनासोर संपले तो काळ हाच. मेक्सिकोच्या किनाऱ्यावर आदळलेली अशनी आणि इथला ज्वालामुखी यांत कोणाचा वाटा किती, यावर शास्त्रज्ञांचा वाद आहे. त्या वादातला एक पक्षकार अंधेरी स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर उभा आहे.

ध्वनीची एक गोष्ट रोज स्टेशनवर घडते. मुलुंडच्या फलाटावर उभं असताना न थांबणारी मेल हॉर्न देत जाते. आपल्यासमोरून पुढे सरकताच हॉर्नचा स्वर खाली घसरतो. चालकाने काही केलेलं नसतं. जवळ येताना ध्वनिलहरी दाटतात, दूर जाताना विरळ होतात. गाडी ताशी १०० किलोमीटरने जात असेल तर दोन्ही स्वरांच्या कंपनसंख्यांत सुमारे १७ टक्क्यांचा फरक पडतो, गाणाऱ्याच्या भाषेत कोमल गंधारावरून जवळजवळ षड्जावर. कानाला गाण्याची सवय असलेला माणूस फलाटावर उभ्या उभ्या गाडीचा वेग सांगू शकेल. दूरच्या दीर्घिकांचा प्रकाश याच प्रकारे तांबड्याकडे सरकलेला दिसला, आणि १९२९ साली खगोलशास्त्रज्ञ हबलने त्यावरून त्या आपल्यापासून दूर चालल्या आहेत, जितक्या लांब तितक्या वेगाने, हे दाखवलं. दीर्घिकांच्या बाबतीत कारण अधिक खोल आहे, खुद्द अवकाशच ताणलं जात आहे. पण मोजण्याची रीत तीच.

या भागात विज्ञानाची परंपरा नाही असं नाही. कुलाब्याची वेधशाळा १८२६ ची. बाळशास्त्री जांभेकर आणि केरो लक्ष्मण छत्रे ही मराठीतल्या आधुनिक विज्ञानाची आद्य नावं तिच्याशी जोडलेली आहेत. १८५९ च्या सप्टेंबरात सूर्यावर प्रचंड स्फोट होऊन पृथ्वीचं चुंबकत्व थरारलं, त्याची नोंद तिथल्या उपकरणांनी केली, आणि ती आजही जगभर वापरली जाते. पुढे मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्यांच्या प्रवाहाने चुंबकीय मोजमापं बिघडतील म्हणून ते काम १९०४ साली अलिबागला हलवावं लागलं. रोजच्या सोयीने विज्ञानाला खाडीपार घालवल्याचं हे ठळक उदाहरण. आणि मध्य रेल्वेच्या प्रवाशांना फारसं ठाऊक नसलेली गोष्ट म्हणजे भारतीय रेडिओ खगोलशास्त्र कल्याणला सुरू झालं. १९६५ साली गोविंद स्वरूप यांनी ऑस्ट्रेलियाहून भेट मिळालेल्या ३२ लहान तबकड्या तिथे मांडून सूर्याचे वेध घेतले. नारायणगावजवळच्या प्रचंड दुर्बिणीचं मूळ तिथे आहे. १९६६ पासून मराठी विज्ञान परिषद, १९७७ पासून वरळीचं तारांगण, मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र, आणि जयंत नारळीकर व मोहन आपटे यांच्यासारखे लेखक, यांनी मराठी वाचकाला पुष्कळ दिलं. या पुस्तकाला त्यांच्या रांगेत बसायचं नाही. त्यांनी विश्व समजावून सांगितलं. इथे फक्त मोजपट्टी हातात द्यायची आहे.

मोजपट्टीचा एक फायदा असा की तिच्यासमोर थापा टिकत नाहीत. दर ऑगस्टला फोनवर फिरणारा 'आज मंगळ चंद्राएवढा दिसणार' हा निरोप घ्या. मंगळ अगदी जवळ असताना आकाशात जेवढा मोठा दिसतो त्याच्या सत्तरपट चंद्र मोठा दिसतो. एका आकड्यात निकाल. १६ फेब्रुवारी १९८० च्या सूर्यग्रहणाला मुंबईचे रस्ते ओस पडले होते, हे ज्यांनी पाहिलं ते आज पन्नाशीच्या पुढे आहेत. तेव्हाची भीती गेली, पण तिच्या जागी मोजमाप आलं असं म्हणवत नाही. त्या जागी फॉरवर्ड आले.

पुस्तकाचा क्रम ऋतूंप्रमाणे ठेवला आहे. कुठूनही उघडलं तरी चालेल, फक्त आकडे नुसते वाचून पुढे जाऊ नका. त्यातले पुष्कळ तुमच्या घराला लागू पडणार नाहीत, कारण तुमच्या समोरचा टॉवर वेगळा आणि डोंगर वेगळ्या बाजूला. जिथे जुळणार नाही तिथे पानावरचा आकडा पेन्सिलीने खोडून आपला लिहा. साधनं म्हणून कालनिर्णय, सरळ उभी राहणारी बाटली, मोबाइलचं घड्याळ आणि स्वतःची मूठ एवढं पुरतं.

सुरुवात शून्य सावलीने, म्हणजे सूर्य बरोबर माथ्यावर येतो त्या दिवसाने, करावी असं सुचवतो. मेच्या मध्यावर माथ्यावरचा सूर्य रोज सुमारे पाव अंश उत्तरेला सरकतो. चर्चगेट ते बोरिवली हे अंतर अक्षांशात ०.३ अंशांच्या जरा आत. म्हणजे स्लो लोकल जे अंतर तासाभरात कापते त्याला माथ्यावरच्या सूर्याला सव्वा दिवस लागतो: चर्चगेटला साधारण १५ मे, बोरिवलीला १६. बाटलीच्या सावलीत हा एका दिवसाचा फरक दिसणार नाही, तो मिलिमीटरच्या आसपास असतो. पण सावली बुडाखाली नाहीशी होताना दोन्ही दिवशी दिसेल, १२ वाजून ३५ मिनिटांच्या सुमारास. दिल्लीच्या माणसाला हे कधीच पाहायला मिळत नाही. कर्कवृत्ताच्या उत्तरेला सूर्य माथ्यावर येत नाही. जुलैच्या अखेरीला पावणेएकच्या सुमारास दुसरी संधी आहे, आणि ढगांमुळे तिचा भरवसा नाही. म्हणून मे सोडू नका. गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडे असते आणि ते मे महिन्यात गावाला जातात; तेव्हा एप्रिलमध्येच मागून ठेवा.